मानपत्र लिहायला बसलं की हात अडखळतो

डिचोलीहून एका शिक्षिकाताईंचं पत्र आलं आहे. माहेर कोल्हापूरचं, लग्न होऊन गोव्यात आल्या. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत कंत्राटावर शिकवतात आणि रविवारी एका घरात भरणाऱ्या लहानशा मराठी उपासनेला सहकुटुंब जातात. पत्र मोठं आहे, त्यातला गाभा देते.

"आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना पुढच्या महिन्यात साठ वर्षं पूर्ण होत आहेत. मोठा सत्कार ठरला आहे. माझं मराठी बरं म्हणून मुख्याध्यापिकांनी मानपत्र लिहायचं काम मला दिलं आणि सोबत एक जुना नमुना दिला. त्यात 'शिक्षणमहर्षी', 'कर्मयोगी', 'ज्ञानगंगा दारोदारी नेणारे भगीरथ' असं सगळं आहे. अध्यक्षांनी शाळेसाठी काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. भर पावसात कौलं गळायला लागली तेव्हा स्वतः उभं राहून त्यांनी छप्पर बदलून घेतलं. दोन गरीब मुलींचं बसभाडं ते गुपचूप भरतात. पण सगळ्यांसमोर शिक्षकांचा पाणउतारा करतात, आणि आम्हा कंत्राटी लोकांचा पगार महिना-महिना लटकतो. मला कायम करण्याचा अर्जही त्यांच्याच टेबलावर आहे. मी काहीही लिहिलं तरी ती खुशामतच ठरेल ना? ख्रिस्ती बाईने हे काम घ्यावं का?

दुसरी गोष्ट. मध्यंतरी पाळकसाहेबांनी बायबलमधल्या नीतिसूत्रांवर संदेश दिला. शेजाऱ्याची खुशामत करणारा त्याच्या पावलांसाठी जाळं पसरतो, माणसांची स्तुती करू नये, स्तुती फक्त देवाची, असं ते म्हणाले. ते माझ्या इतकं मनाला लागलं की तेव्हापासून मी कुणालाच चांगलं म्हणेनाशी झाले. माझा मुलगा सातवीत आहे, उपासनेत पेटी वाजवतो. परवा घरी येताना त्याने विचारलं, 'मम्मी, मी वाईट वाजवतो का?' मी काहीच बोलले नाही. तेव्हापासून मला झोप नाही."

प्रिय ताई,

मानपत्राला अजून महिना आहे. मुलाच्या प्रश्नाला मात्र आज संध्याकाळपलीकडे थांबवू नका, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

सातवीतलं पोर चारचौघांत पेटी घेऊन बसतं. वाजवून झालं की पहिल्यांदा आईच्या चेहऱ्याकडे बघतं. तिथे काही दिसलं नाही की ते आपल्या मनानेच उत्तर तयार करतं, आणि ते उत्तर बहुतेक वेळा स्वतःच्याच विरुद्ध असतं. प्रेषित पौलाने कलस्सै गावच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना बापांना बजावलं आहे की मुलांना चिरडीला आणू नका, ती खिन्न होतील. रागावण्याने मुलं खचतात हे आपण सगळेच जाणतो. गप्प राहण्याने ती तितकीच खचतात, आणि आपल्याला त्याचा पत्ता उशिरा लागतो. 'तोंडावर कौतुक करू नये, पोर शेफारतं' हे आपल्याकडे इतकं मुरलेलं आहे की आपल्या मुलाचे गुण मुलाखेरीज सगळ्यांना माहीत असतात. शेजारणीला सांगून होतं, मावशीला फोनवर सांगून होतं, त्याला तेवढं सांगायचं राहतं.

आज त्याला आधी एवढंच सांगा: "मी परवा बोलले नाही, ते माझ्या मनात दुसराच गोंधळ होता म्हणून. तुझ्या वाजवण्यात काही वाईट होतं म्हणून नाही." त्यानंतर तुम्ही कानाने ऐकलेली एखादी गोष्ट सांगा. नुसतं "छान वाजवतोस" म्हणालात तर तो ओळखेल की ही समजूत काढणं आहे. मुलांना ते लगेच कळतं. तिसऱ्या कडव्याला गाणारे घाईत पुढे पळत होते आणि तो पळाला नाही, असं काही घडलं असेल तर तेच सांगा. पूर्वी भाता हलवताना गाण्यात खंड पडायचा आणि आता पडत नाही, असं असेल तर ते सांगा. तुम्ही आई आहात, तुम्ही ऐकलेलं असणारच. आणि कृपा करून त्या वाक्याला "पण" जोडू नका. चुका दुरुस्त करायला आठवड्याचे बाकीचे दिवस आहेत.

आता तुमच्या पाळकसाहेबांच्या संदेशाबद्दल. त्यांनी सांगितलेलं वचन खरं आहे, नीतिसूत्रे २९:५, आणि ते सांगण्याची गरजही आहे. आपल्या चौकाचौकांत वाढदिवसाचे फलक लागतात, त्यांच्यावरचे शब्द वाचले की ती गरज पटते. पण त्याच नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात असंही आहे की ज्याचं बरं करणं योग्य आहे त्याचं बरं करण्याचं तुझ्या हाती असताना ते करायला माघार घेऊ नकोस. शेवटच्या, एकतिसाव्या अध्यायात सद्गुणी स्त्रीची मुलं उठून तिला धन्य म्हणतात, नवरा तिची प्रशंसा करतो, आणि तिच्या कृत्यांनीच वेशीत तिची वाखाणणी होवो, या इच्छेवर ते पुस्तक संपतं. माणसाला चांगलं म्हणणंच देवाला नको असतं, तर नीतिसूत्रांचा शेवट असा झाला नसता. देवाची उपासना फक्त देवाचीच. पण त्याने एखाद्याच्या हातून करवलेलं चांगलं काम डोळ्यांनी पाहून तोंड मिटून घेणं हा देवाचा मान राखणं नव्हे. ते त्या माणसाचं येणं आहे आणि आपण ते अडवून ठेवलेलं असतं.

पौलाचं बघा. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण नावांची यादी म्हणून भरभर वाचून टाकतो. त्यात फिबीबद्दल तो लिहितो की ती पुष्कळांना आणि मलाही साहाय्य करणारी झाली. प्रिस्का आणि अक्विला यांनी माझ्या जिवासाठी आपली मान धोक्यात घातली, असं सांगतो. नाव आणि त्या माणसाने काय केलं ते, एवढंच असतं. 'प्रिय'सारखे साधे शब्द सोडले तर विशेषणं जवळजवळ नाहीतच. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय तर तुम्ही आजच काढून वाचा. दुसऱ्या वचनात पौल म्हणतो, मी लावून दिलेल्या गोष्टी तुम्ही पाळता म्हणून मी तुमची वाखाणणी करतो. सतराव्या वचनाला येऊन म्हणतो, आता जे सांगतो आहे त्यात मी तुमची वाखाणणी करत नाही. प्रभुभोजनाला जमल्यावर एक उपाशी राहत होता आणि दुसरा पिऊन मस्त होत होता, त्याबद्दल ते आहे. माणसं तीच, पत्र तेच, आणि दोन्ही गोष्टी बोलणारा हातही तोच. वरची वाखाणणी खरी होती हे मला खालच्या वाक्यामुळे पटतं. ज्याला "नाही" म्हणता येत होतं, त्यानेच "हो" म्हटलेलं होतं.

प्रभू येशूंनीही माणसांना चांगलं म्हटलं, तोंडावर म्हटलं आणि पाठीमागेही म्हटलं. नथनेल समोरून येत असताना त्याच्याबद्दल ते म्हणाले, हा खरा इस्राएली आहे, याच्यात कपट नाही. रोमी फौजेतला शताधिपती, म्हणजे परका आणि सत्ताधाऱ्यांचा माणूस, त्याच्याबद्दल सांगितलं की एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. मंदिराच्या भांडारात दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणाऱ्या विधवेचं कौतुक त्यांनी शिष्यांना जवळ बोलावून केलं. ते तिच्या कानावर गेल्याचं शुभवर्तमानात कुठे लिहिलेलं नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल ते इतकं मोठं बोलले, पण शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो की ते योहानाचे निरोपे निघून गेल्यावर. तेव्हा तोंडावर बोललं की खुशामत आणि माघारी बोललं की खरं, असा सोपा नियम बायबलमधून निघत नाही.

मग खुशामत ओळखायची कशी? यासाठी मला प्रेषितांच्या कृत्यांतला चोविसावा अध्याय सगळ्यांत उपयोगी वाटतो, कारण तिथे एकाच अधिकाऱ्यासमोर दोन माणसं भाषणाला उभी राहतात आणि दोघंही सुरुवातीला त्याच्याबद्दल बरं बोलतात.

जागा कैसरिया, खुर्चीवर रोमी सुभेदार फेलिक्स. मुख्य याजक हनन्या आपल्याबरोबर तिर्तुल्ल नावाचा वकील घेऊन आलेला आहे आणि आरोपी पौल आहे. तिर्तुल्ल सुरुवात करतो ती अशी की महाराज, आपल्यामुळे आम्हांला फार स्वस्थता मिळाली आहे, आपल्या दूरदृष्टीने या राष्ट्रात सुधारणा झाल्या आहेत, हे आम्ही सर्व प्रकारे आणि सर्वत्र कृतज्ञतेने मान्य करतो. खरी परिस्थिती काय होती? फेलिक्सच्या काळात यहुदी प्रांत धुमसत होता. कपड्यांत सुरे लपवून गर्दीत माणसं मारणाऱ्या टोळ्या त्याच काळात माजल्या, आणि योनाथान या मुख्य याजकाचा खून फेलिक्सनेच अशा लोकांकरवी करवला, असं यहुदी इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवलं आहे. पुढे फेलिक्सला रोमला परत बोलावलं तेव्हा कैसरियातलेच यहुदी पुढारी त्याच्याविरुद्ध फिर्याद घेऊन गेले. लोक त्याच्याबद्दल खरोखर काय समजत होते ते तेव्हा बाहेर आलं. तिर्तुल्लच्या तोंडातली स्वस्थता आणि सुधारणा फक्त पौलाला शिक्षा मिळवण्यापुरत्या होत्या.

नंतर पौल उभा राहतो. त्याचा जीव फेलिक्सच्या हातात आहे. तो म्हणतो, आपण पुष्कळ वर्षं या राष्ट्राचे न्यायाधीश आहात हे मला माहीत आहे, म्हणून मी आनंदाने माझी बाजू मांडतो. बस. फेलिक्स न्यायी आहे असं तो म्हणत नाही, दयाळू आहे असंही म्हणत नाही. कोणालाही तपासून बघता येईल अशी एक गोष्ट, आदराने सांगितलेली, आणि मग सरळ मुद्दा. पुढे फेलिक्सने त्याला खासगीत बोलावलं, तेव्हा पौल नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढचा न्याय याबद्दल इतकं स्पष्ट बोलला की फेलिक्स भ्याला. आणि लूक हेही नोंदवतो की फेलिक्सला पौलाकडून पैसे मिळतील अशी आशा होती. ते मिळाले नाहीत, आणि पौल दोन वर्षं कैदेतच राहिला. गोड न बोलण्याची किंमत मोजावी लागते, हे पवित्र शास्त्र लपवत नाही. तुमच्या लटकलेल्या पगाराकडे बघताना मला हे आठवतं, म्हणून कोणताही सल्ला तुम्हाला हलकेपणाने द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे.

तिर्तुल्लचं खोटं होतं म्हणून ती खुशामत, एवढ्यावरही थांबता येत नाही. मत्तयाच्या बाविसाव्या अध्यायात परूश्यांचे शिष्य हेरोदाच्या पक्षाच्या लोकांबरोबर येशूंकडे येतात आणि म्हणतात, गुरुजी, आम्हाला ठाऊक आहे की आपण खरे आहात, देवाचा मार्ग खरेपणाने शिकवता, कोणाची भीड धरत नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे. आपणही रविवारी हेच म्हणतो. पण त्याच्या पाठोपाठ प्रश्न येतो तो कैसराला कर द्यावा की नाही, आणि तो येशूंना बोलण्यात पकडण्यासाठी रचलेला असतो. येशूंनी त्यांना ढोंगी म्हटलं. शब्द खरे असून हेतू जाळ्याचा असला तर ते शब्दही जाळ्याचेच होतात. तेव्हा मानपत्रात खोटं काही नाही एवढं बघून तुमचं समाधान व्हायचं नाही, हे मला कळतं. आणि तुमचं समाधान होत नाही हे मला चांगलंच वाटतं.

पण हेतूच्या बाबतीत स्वतःला फार सोलूही नका. थेस्सलनीकाकरांना पौल लिहितो की आम्ही कधी खुशामतीचं भाषण केलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि लोभाने काही केलं नाही, याला देव साक्षी आहे. बोलण्याची साक्ष तो ऐकणाऱ्यांकडून काढतो. लोभाची साक्ष माणूस देऊ शकत नाही, म्हणून ती देवावर सोडतो. आपल्या मनात शंभर टक्के शुद्ध हेतू झाल्याशिवाय तोंड उघडायचंच नाही असं ठरवलं, तर या जन्मात कुणाला "बरं केलंत" म्हणणं होणार नाही. शब्द खरे आहेत ना, आणि ते नसते लिहिले तर बरं असं देवापुढे वाटत नाही ना, एवढं तपासा. उरलेलं त्याच्या हाती द्या.

अशा वेळी मला आपल्या गोव्यातलाच एक माणूस आठवतो. फादर थॉमस स्टीफन्स, जन्माने इंग्रज, १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. त्यात त्यांनी मराठीचं जे कौतुक केलं आहे, रत्नांमध्ये हिरा आणि फुलांमध्ये मोगरा म्हणून, ते आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यांचा त्यात हेतू नव्हता का? होता, उघडच होता. ही भाषा बोलणाऱ्यांनी आपलं पुराण ऐकावं आणि ख्रिस्ताला मानावं, यासाठीच ते आले होते. तरी त्या ओव्यांना मी खुशामत म्हणणार नाही. ज्या भाषेला त्यांनी हिरा म्हटलं ती ते मन लावून शिकले, आणि तिच्यात दहा हजारांहून जास्त ओव्या लिहून बसले. कौतुकाआधी सदतीस वर्षांचा सहवास आहे. स्वार्थ जवळपास असला की प्रत्येक चांगला शब्द नासतो असं मानलं, तर बायकोने नवऱ्याला, विद्यार्थ्याने गुरुजींना, नोकराने मालकाला कधीच काही बोलता येणार नाही. तुमचा अर्ज त्या टेबलावर आहे म्हणून छपराची गोष्ट खोटी होत नाही.

खुशामत पाप ठरते का, हा तुमच्या प्रश्नामागचा प्रश्न. तुम्ही प्रोटेस्टंट आहात, पण आपल्या कॅथलिक शेजाऱ्यांच्या चर्चची शिकवण इथे फार नेमकी आहे, म्हणून सांगते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणात (परिच्छेद २४८०) खुशामतीच्या दोन पायऱ्या केल्या आहेत. ज्या गोड बोलण्याने समोरच्याच्या दुष्कर्माला किंवा दुर्गुणाला आपण साथीदार होतो, तो गंभीर अपराध. नुसतं समोरच्याला बरं वाटावं, संकट टळावं, गरज भागावी किंवा रास्त फायदा मिळावा म्हणून केलेली खुशामत हे लहान पाप. लहान म्हटलं तरी पापच म्हटलं आहे, पण पोटासाठी दबून बोलणाऱ्याला आणि दुसऱ्याच्या अन्यायाला शब्दांनी खत घालणाऱ्याला एका मापाने मोजलेलं नाही. हा फरक मला फार दयेचा वाटतो.

कृत्यांच्या बाराव्या अध्यायातही मला हीच दया दिसते. सोर आणि सिदोनचे लोक हेरोद अग्रिप्पा राजाच्या मुलखातल्या धान्यावर जगत होते आणि त्याची मर्जी खप्पा झाली होती. इसवी सन ४४ मधली ही गोष्ट. तो राजवस्त्रं घालून बोलायला लागला तेव्हा लोक ओरडले, "ही देवाची वाणी, माणसाची नव्हे!" दूताने फटका मारला तो हेरोदाला, कारण त्याने देवाला गौरव दिला नाही. ओरडणाऱ्यांना काय झालं, याबद्दल लूक एक शब्दही लिहीत नाही. ते बरोबर वागले असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या हातात लोकांची भाकरी असते, त्याने आपल्याबद्दलचे जयजयकार कसे ऐकावेत याचा जाब आधी त्यालाच द्यावा लागतो. तुमच्या अध्यक्षांना हे कुणीतरी सांगायला हवं. ते ओझं एकट्या कंत्राटी शिक्षिकेच्या डोक्यावर देवाने ठेवलं आहे असं मला वाटत नाही.

आता मानपत्र. काम घ्या. तुम्ही नाकारलंत तर तो जुना नमुना नाव बदलून वाचला जाईल आणि छपराची गोष्ट कुणी सांगणारच नाही.

तो नमुना बाजूला ठेवा. एका कोऱ्या कागदावर अध्यक्षांनी शाळेसाठी केलेली कामं लिहून काढा, कोणत्या साली, काय अडचण होती, त्यांनी काय केलं. जुन्या शिक्षकांना विचारा, शिपायांना विचारा, शाळेच्या इतिवृत्ताची वही बघायला मागा. कौलं गळत होती तेव्हा मुलं कोणत्या वर्गात दाटीने बसवली होती, काम किती दिवसांत झालं, ते रोज किती वाजता येऊन उभे राहत. अशा चार-पाच प्रसंगांतून दीड पानाचं मानपत्र सहज होतं, आणि ऐकणाऱ्यांना ते "कर्मयोगी"पेक्षा कितीतरी जास्त आवडतं, कारण त्यात त्यांना आपली शाळा दिसते. बसभाड्याची गोष्ट मात्र लिहू नका. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणून त्यांनी ती गुपचूप ठेवली आहे, आणि त्या मुली सभागृहात बसलेल्या असतील. ती तुम्ही त्यांना एकट्यांना सांगा: "सर, मला कळलं, आणि मला फार बरं वाटलं." ज्या वाक्याला एकही साक्षीदार नाही, ते बोलताना आपलं आपल्याला कळतं की हे खरं आहे की नाही.

त्यांच्या जिभेबद्दल आणि पगाराबद्दल मानपत्रात काही नको, टोमणा तर मुळीच नको. सत्काराच्या दिवशी माणसाचे दोष न सांगणं हे खोटं बोलणं नव्हे. पण जे नाही ते आहे म्हणूही नका. "सर्व शिक्षकांना कुटुंबासारखं सांभाळणारे" असलं वाक्य तुमच्या हातून जाऊ देऊ नका, कारण ते ऐकायला पगार न मिळालेली तुमची सहकारी समोर बसलेली असणार. मसुदा पुरा झाला की तो मनात तिला वाचून दाखवा. जिथे तिच्या नजरेला नजर देता येणार नाही, ती ओळ काढून टाका.

मुख्याध्यापिका "शिक्षणमहर्षी" घालाच म्हणाल्या, तर वाद नको. त्यांना नम्रपणे सांगा, "बाई, पदवी द्यायची तर कार्यकारिणीने ठराव करून द्यावी, मी प्रसंग लिहिते." त्यांनी वरून काही जोडलं तर ती जबाबदारी त्यांची.

आणि या महिन्यात आणखी एक करा, तुमचा जो धाक आहे तो याने जाईल. चांगला शब्द वरच्यांनाच द्यायचा नाही. तुमच्या शाळेत माध्यान्ह आहार पोचवणाऱ्या बचत गटातल्या बायका असतील, वर्ग झाडणारी मावशी असेल. येशूंनी सांगितलं आहे की मेजवानीला बोलवायचं तर ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलवा. कौतुकालाही ते लावून बघा. भाजीत आज मीठ बेताचं होतं आणि मुलांनी ताट पुसून खाल्लं, हे त्या बाईला सांगायला कुणी थांबत नाही. तुम्ही थांबा. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याला खरं चांगलं म्हणायची सवय झाली, की अध्यक्षांबद्दल लिहिताना हात अडखळणार नाही. त्यांच्या वाट्याचं त्यांना देता आहात एवढंच वाटेल. पाळकसाहेबांनाही दारात हात मिळवताना "संदेश छान झाला" ऐवजी कधीतरी बुधवारी भेटून सांगा, की रविवारचं अमुक वचन मला आजही आठवतं आहे. त्या वचनाने तुमची झोप का गेली, तेही त्यांना सांगा. त्यांना ते हवं असेल.

अध्यक्षांशी पगाराचं बोलायला हवंच. नीतिसूत्रे २८:२३ म्हणतं की जिभेने खुशामत करणाऱ्यापेक्षा वाग्दंड करणाऱ्यावर, म्हणजे चूक तोंडावर दाखवणाऱ्यावर, माणूस शेवटी अधिक कृपा करतो. "शेवटी" हे विसरू नका. सुरुवातीला राग येतोच. म्हणून एकट्या जाऊ नका. कायम झालेल्या दोन-तीन शिक्षकांना सोबत घ्या, सत्कारानंतर, त्यांच्या खोलीत, दार लावून. कंत्राटी लोकांच्या वतीने कायम माणसाने बोललं तर त्याचं काही जात नाही, हे तुमच्या सहकाऱ्यांना जरा आठवण करून द्यावं लागेल. बोलणं थोडक्यात असू द्या: पगार महिना उलटला तर कोणाच्या घरी काय होतं, आणि किती तारखेपर्यंत मिळाला तर चालेल. पाणउताऱ्याचा विषय त्याच बैठकीत काढू नका; एका वेळी एकच मागणी ऐकली जाते.

तुमच्या अर्जाबद्दल शेवटचं. सत्काराच्या आधी तो विषय काढू नका आणि सत्कार झाल्यावर लगेचही नको. मानपत्राची किंमत मागायला आलात असं कुणाला वाटू नये, आणि तुम्हालाही वाटू नये. चांगला महिनाभर जाऊ द्या. मग जाताना तुमची कंत्राटी सेवेची वर्षं, वर्गाचे निकाल, मुलांच्या वह्या अशी तुमच्या कामाची नोंद घेऊन जा. स्वतःबद्दल बोलताना जीभ अडेल हे मला पत्रावरूनच दिसतं. नीतिसूत्रे सत्तावीस म्हणतं की परक्याने तुझी प्रशंसा करावी, तुझ्या मुखाने नको. तेव्हा मुख्याध्यापिकांकडे जा आणि सांगा, "बाई, माझ्या कामाबद्दल तुम्हाला जे खरं वाटतं ते चार ओळींत लिहून द्या, अर्जाला जोडते." मानपत्राचं काम त्यांनी विश्वासाने तुमच्याकडेच दिलं आहे, त्या अर्थी त्यांच्याकडे लिहायला काहीतरी नक्की आहे.